तळ्यात मासे जास्त झालेत, हे मासे विकणारा कशाला सांगेल?

अटलांटाच्या दक्षिणेला जमिनीसकट घर घेणारी मराठी कुटुंबं आता बरीच झाली आहेत, आणि जॉर्जियात जमीन घेतली की तिच्यात बऱ्याचदा एखादं तळंही पदरात पडतं. परवा आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी एका कंपनीचं पत्रक टाकलं: तळ्याचं फुकट सर्वेक्षण, ट्रॉफी बास (म्हणजे मिरवण्याएवढे मोठे बास मासे), जिवंत मासे घरपोच. याच कंपनीने आमचे चार हजार डॉलर घालवले. नाव लिहीत नाही, वाद अजून मिटलेला नाही. पण हे लोक काम कसं करतात ते सांगते, म्हणजे फोन लावण्याआधी विचार कराल.

आमचं तळं दोन एकरांचं, जुनं. आधीच्या मालकाने त्यात लार्जमाउथ बास आणि ब्लूगिल सोडलेले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बास हा शिकारी मासा, जबडा एवढा मोठा की स्वतःच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा मासा सहज गिळतो. ब्लूगिल हा चपटा, लहान तोंडाचा, किडे खाणारा. तो बासचं खाद्य. उन्हाळाभर पुन्हा पुन्हा अंडी घालतो, त्याच्या पिल्लांवर बास पोसला जातो.

आमची तक्रार एकच होती. गळ टाकला की बास लागायचा, पण प्रत्येक मासा दहा-बारा इंचांचा. वर्ष उलटलं तरी तेवढाच. उलट ब्लूगिल मात्र चांगले हाताएवढे मिळायचे. नवऱ्याला वाटलं, आपल्या तळ्यातला बास जातीनेच खुजा असेल.

कंपनीचा माणूस आला तो बोट घेऊनच. बोटीच्या पुढे दोन दांडे, त्यांना लोंबणाऱ्या तारा. पाण्यात वीज सोडली की आसपासचे मासे क्षणभर बधिर होऊन वर येतात, मग जाळीने उचलून टाकीत घ्यायचे, मोजायचे, परत सोडायचे. ही पद्धत खोटी नाही, सरकारी मत्स्य खात्याचे लोकही तीच वापरतात. पण खरं सर्वेक्षण म्हणजे प्रत्येक माशाची लांबी आणि वजन टिपणं. या माणसाने टाकीतला एकच म्हातारा पाच पौंडी बास उचलला, नवऱ्याच्या हातात दिला, फोटो काढला आणि म्हणाला, "बघा, तळ्यात ताकद आहे. रक्त तेवढं जुनं झालंय. नवं रक्त घाला, दोन वर्षांत असे मासे रोज धराल." बाकीचे पन्नासेक बारके न मोजताच पाण्यात परत गेले. रिपोर्ट म्हणून आला तो फोटो, तळ्याचा नकाशा आणि दरपत्रक.

इथे आपल्या लोकांची एक खास अडचण होते, आणि त्या माणसाला ती बरोबर सापडली. "इंडियात तुम्ही दरवर्षी सीड टाकता ना?" असं त्यानेच विचारलं. इंदापूरला भाऊजींचं शेततळं आहे. त्यांना फोन केला, तर तेही म्हणाले, "वहिनी, बीज तर दरवर्षी टाकावंच लागतं, त्यात फसवणूक कसली?" भाऊजींचं त्यांच्या जागी बरोबरच आहे. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, म्हणून बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, विकत आणायची, कोंडा-पेंड घालायची, वाढले की सगळे काढायचे. बास आणि ब्लूगिल मात्र त्याच तळ्यात आपसूक वाढतात. घडी एकदा नीट बसली की बास पुन्हा विकत घ्यायची सहसा गरजच पडत नाही. अडचण येते ती बहुतेक उलटी: बास फार होतात.

तर आम्ही घेतली 'एफ-वन' बासची बोटुकली. फ्लोरिडा बास आणि उत्तरेकडचा बास यांचा हा संकर. वाढीला चांगला म्हणून त्याला भाव जास्त. बोटुकली दोन इंची. ट्रक आला, पोऱ्याने जाळीच्या डावाने मासे बादलीत घेतले, किती डाव घेतले ते त्याचं त्यालाच ठाऊक, आणि बादली थेट तळ्यात उलटी केली. टाकीचं पाणी आणि तळ्याचं पाणी यांचं तापमान जुळवून, थोडं थोडं पाणी मिसळून मासे सोडायचे असतात, हे नंतर कळलं. काठाला पांढरी पोटं दिसायला लागली तेव्हा पोऱ्या म्हणाला, "हमी ट्रकमधून बाहेर पडेपर्यंतचीच." करारात तसंच लिहिलेलंही होतं, अगदी शेवटी, बारीक अक्षरात.

जे वाचले त्यांचं काय झालं असेल? भुकेल्या बारा इंची बासांनी भरलेल्या तळ्यात दोन इंची पिल्लं सोडणं म्हणजे महागडा चारा टाकणंच. संकर असो की शुद्ध, गिळणाऱ्याला काय फरक पडतो. शिवाय ते खरंच संकर होते का, हेही सांगता येणार नाही. नुसत्या नजरेने या जाती खात्रीने ओळखता येत नाहीत, माशाच्या पराचा (फिनचा) तुकडा पाठवून जनुकीय तपासणी करावी लागते. कुणी विकणारा हा शब्द वापरून जादा भाव सांगत असेल, तर तपासणीचा कागद मागा.

पुढच्या वसंतात मासे आणखी बारीक. मग कंपनीचा दुसरा सल्ला आला: आता खाद्य वाढवू, 'हायब्रिड ब्लूगिल' टाका, ते भराभर वाढतात. वाढतात हे खरं. पण हा ब्लूगिल आणि ग्रीन सनफिशचा संकर असतो, त्यात बहुतेक नर निघतात आणि पिल्लावळ फारच कमी होते. बासला हवी असते पिल्लावळ. म्हणजे खाद्य म्हणून विकला तो नेमका असा मासा, जो खाद्य तयारच करत नाही! आणि वर आणखी मोठे बास, आठ-आठ इंचांचे, नगावर भाव लावून. इथवर आल्यावर माझा संशय पक्का झाला.

आमच्या काउंटीत जॉर्जिया विद्यापीठाचं एक्स्टेंशन ऑफिस आहे, शेती-तळ्यांबद्दल लोकांना सल्ला देणारं. तिथल्या बाईंनी तळं बघायच्या आधी एक काम सांगितलं: गळाला लागेल तो प्रत्येक बास पट्टीवर ठेवा, तोला, लिहा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ओट्यावरून काठावर नेला. बारा इंची बास साधारण ४०० ग्रॅमचा हवा, पंधरा इंची ८०० च्या थोडा वर. आमचे बारा इंची २८० च्या आसपास भरत होते. डोकं मोठं, पाठ सरळ, पोट आत गेलेलं, शेपटीकडचा भाग पेन्सिलीसारखा. एक कापून बघितला. पोटात चतुराची एक अळी आणि झिंग्याची एक नांगी, बस्स. एकाही माशाचा काटा नाही.

बाई म्हणाल्या, ही उपासमार आहे, जात नव्हे. बासचं एक पौंड वजन वाढायला अंदाजे दहा पौंड मासळी लागते. तळ्याची ताकद ठरलेली. शंभर तोंडांचं अन्न तीनशेंत वाटलं की कुणीच वाढत नाही. ब्लूगिल हाताएवढे का, तेही त्यातच आलं. पिल्लं सगळी बासच्या पोटात जातात, जी थोडी वाचतात त्यांना भरपूर खायला मिळतं. म्हणजे बारके बास आणि मोठे ब्लूगिल दिसले की तळ्यात बासची गर्दी आहे. मोठे पण थोडे बास आणि तीन-चार इंची ब्लूगिलचा बुजबुजाट असेल, तर मात्र बास कमी पडतायत. त्या माणसाला हे माहीत नसणं शक्यच नाही. त्याच्या टाकीत उत्तर वळवळत होतं.

हे काही नवं शास्त्रही नाही. शेजारच्या अलाबामात, ऑबर्नला, होमर स्विंगल या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकापासून तळी रिकामी करून मासे तोलले आणि १९५० मध्ये तोल राखलेल्या तळ्याची मापं छापली. खाद्यमाशांचं एकूण वजन शिकारी माशांच्या तिप्पट ते सहापट असावं, हे त्यातलंच. नव्या तळ्यात खत घालणार असाल तर एकरी १००० ब्लूगिल आणि १०० बास, खत नसेल तर दोन्ही निम्मे, हा हिशेबही त्याच घराण्यातला. ब्लूगिल आधी शरदात सोडायचे, बास पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला. दोन्ही एकाच ट्रकमधून आणून देतो म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा.

आमच्यासाठी उपाय निघाला तो फुकटचा: चौदा इंचांखालचे बास काढायचे, वर्षाला एकरी पंचवीस पौंडांच्या आसपास, आणि परत सोडायचे नाहीत. आता दर शनिवारी ओळखीची पोरंटोरं गळ घेऊन येतात. रवा लावून तळलेला बास बांगड्याच्या जवळपासही जात नाही, पण खाल्ला जातो.

पैशांचं म्हणाल, तर जॉर्जियात मॅजिस्ट्रेट कोर्टात १५,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो, आणि आम्ही तो लावलाय. तुम्ही कुठूनही मासे घ्या, पावतीवर जात, इंचात माप आणि नग लिहून घ्या, सर्वेक्षणाबरोबर लांबी-वजनाचा तक्ता मागा, आणि मासे सोडताना एक बादली समोर मोजायला लावा. आमच्या पावतीवर "माशांचा साठा, मिश्र" एवढंच आहे, आणि घोडं अडलंय ते तिथेच.