हेवी डिपॉझिटवर घेतलेले कार्यालय: एका पर्यावरण संस्थेची झालेली फसवणूक

पुण्यात नदी आणि टेकड्यांच्या संवर्धनाचे काम करणाऱ्या आमच्या न्यासाकडून नव्या कार्यालयाच्या अनामत रकमेपोटी १५ लाख रुपये उकळण्यात आले. ती रक्कम घेणारा गृहस्थ जागेचा मालक नव्हता आणि मालकाने नेमलेला प्रतिनिधीही नव्हता. तो त्या जागेतला भाडेकरू होता. शहरातल्या आणखी काही छोट्या संस्थांसमोर असेच प्रस्ताव ठेवले गेल्याचे नंतर कानावर आले, म्हणून हा व्यवहार कसा रचला गेला ते सविस्तर लिहीत आहे.

काम वाढल्यामुळे पेठेतल्या आमच्या दोन खोल्या अपुऱ्या पडू लागल्या होत्या. वाळवून ठेवलेले वनस्पतींचे नमुने, पाणी तपासणीची उपकरणे, देशी झाडांचे बियाणे आणि शनिवारी जमणारे स्वयंसेवक यांना पुरेल अशी जागा हवी होती. मात्र भाड्यासाठी पैसे उभे करणे हे कोणत्याही सेवाभावी संस्थेचे कायमचे दुखणे असते. प्रकल्पाला निधी देणाऱ्या कंपन्या रोपांचे आणि कुंपणाचे पैसे आनंदाने देतात, कार्यालयाच्या भाड्याचे नाव काढले की हात आखडता घेतात. परदेशी देणगीतून करायच्या प्रशासकीय खर्चावरही परकीय देणगी नियमन कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर २० टक्क्यांची मर्यादा आहे. त्या गृहस्थाला हे सारे आमच्याइतकेच ठाऊक होते. बाजारभावाने भाडे देण्याऐवजी १५ लाख अनामत ठेवा आणि दरमहा केवळ ८,००० रुपये द्या, असा त्याचा प्रस्ताव होता. अनामत रक्कम परत मिळणारी असल्यामुळे ती खर्चात धरली जात नाही, ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दिसते आणि देणगीदारांना दाखवायचा प्रशासकीय खर्च कमी राहतो, हे त्यानेच विश्वस्तांच्या बैठकीत समजावून सांगितले. हिशेबाच्या दृष्टीने त्यात चुकीचे काहीच नव्हते, आणि म्हणूनच ते पटले.

त्याने दाखवलेल्या कागदांबद्दल विशेष सांगितले पाहिजे, कारण त्यातले जवळजवळ सगळे कागद खरे होते. मालकाच्या खरेदीखताची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा दस्ताचा सारांश), मिळकतकराची चालू वर्षाची पावती आणि महावितरणचे ताजे बिल यांत खाडाखोड किंवा बनावटगिरी कुठेही नव्हती. तथापि या तिन्ही कागदांवरून जागा अमुक माणसाच्या नावावर आहे एवढेच दिसते. ती भाड्याने देण्याचा अधिकार समोर बसलेल्या माणसाला आहे, हे त्यांतल्या एकाही कागदावरून सिद्ध होत नाही. वीजबिल तर ग्राहक क्रमांक हाती असलेल्या कोणालाही काढता येते. त्या गृहस्थाचा जागेशी संबंध जोडणारा कागद एकच होता, तो म्हणजे नोटरीचा शिक्का असलेले अधिकारपत्र. मालक परदेशात राहतात, असे सांगून त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मालकांशी’ बोलणेही करून दिले. तो आवाज कोणाचा होता, हे आजतागायत कळलेले नाही.

करार ११ महिन्यांचा असल्याने नोंदणीची गरज नाही, नोटरी पुरेशी आहे, असे त्याने ठामपणे सांगितले. हा समज महाराष्ट्रात इतका रुजलेला आहे की त्याबद्दल शंका घेणारा माणूसच विचित्र ठरतो. वास्तविक महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्याच्या परवानगीचा) करार, मुदत कितीही असली तरी, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो; नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर असते आणि ती टाळणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणीसाठी मालकाला, किंवा रीतसर कुलमुखत्यारपत्र असलेल्या त्याच्या प्रतिनिधीला, स्वतःची ओळख पटवून द्यावी लागते, आणि नेमके तेच त्याला चुकवायचे होते. आमच्या व्यवहारावर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी शुल्क धरले तर एकूण खर्च सोळाशे रुपयांच्या आसपास आला असता.

मालक परदेशात असल्याच्या सबबीने आणखीही एक गोष्ट साधली गेली. अनिवासी भारतीयांना भारतातले उत्पन्न थेट खात्यात घेता येत नाही, असे सांगून संपूर्ण रक्कम त्या गृहस्थाच्या स्वतःच्या व्यवस्थापन फर्मच्या खात्यात घेण्यात आली. हे विधान सपशेल खोटे आहे. अशा उत्पन्नासाठीच एनआरओ खाते असते. शिवाय मालक खरोखरच अनिवासी असेल तर त्याला द्यायच्या भाड्यातून, रक्कम लहान असली तरी, करकपात करावी लागते आणि त्यासाठी त्याचा पॅन लागतो. पॅन मागितल्यावर ‘पुढच्या आठवड्यात देतो’ असे उत्तर येऊ लागले, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

काही महिन्यांनी खरे मालक जागेचा ताबा घेण्यासाठी दारात उभे राहिले. ते पुण्यातच राहतात. त्यांनी आपला नोंदणीकृत करार दाखवला. जागा त्या गृहस्थाला मासिक भाड्याने दिलेली होती आणि पोटभाडेकरू ठेवण्यास त्यात स्पष्ट मनाई होती. आमच्या अनामत रकमेतूनच तो मालकांना दरमहा वेळेवर भाडे देत राहिला, त्यामुळे त्यांनाही संशय आला नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सुविधेत त्या मिळकतीवरचे दस्त शोधले असता हाच करार आम्हालाही सापडला. मालकांनी आवराआवरीसाठी मुदत दिली, हा त्यांचा चांगुलपणा. कायद्याने त्यांच्यावर तसे बंधन नव्हते.

संस्थेच्या बाबतीत नुकसान अनामत रकमेवर थांबत नाही. नवा पत्ता धर्मादाय कार्यालयात बदल अर्जाने कळवलेला होता, बँकेत, आयकर खात्यात आणि देणगीदारांकडेही तोच गेला होता. आता ते सगळे पुन्हा बदलावे लागत आहे. ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसणारे १५ लाख बुडीत धरावे लागतील, असे लेखापरीक्षकांनी कळवले आहे, आणि त्याचे स्पष्टीकरण प्रत्येक देणगीदाराला द्यावे लागणार आहे.

पोलीस ठाण्यात प्रथम ‘हा दिवाणी वाद आहे’ असे ऐकावे लागले. मालकांचा नोंदणीकृत करार, आमचा नोटरी केलेला करार आणि बँकेचा उतारा एकत्र जोडून, मालकांचा जबाब सोबत दिल्यानंतर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीची तक्रार घेतली गेली. त्याच इमारतीतली दुसरी एक जागाही याच पद्धतीने दिली गेली होती, हे तपासात पुढे आले. कोणाची अशी तक्रार असेल तर मालकाला विरोधी पक्ष न मानता आधी त्याच्याकडे जावे. प्रतिनिधी म्हणवणाऱ्याला कोणताही अधिकार दिलेला नव्हता, हे सिद्ध करणारा कागद आणि जबाब त्याच्याचकडून मिळू शकतो.