जुन्या हत्यारांच्या कॅटलॉगचे पुनर्मुद्रण : कागद चांगला, रेषा तुटलेल्या

अमेरिकेतील न्यू ब्रिटन, कनेक्टिकट येथील स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीच्या एकोणिसाव्या शतकातील एका कॅटलॉगचे पुनर्मुद्रण मी केवळ रंध्यांच्या चित्रांसाठी विकत घेतले. बांधणी शिवलेली असल्यामुळे पुस्तक सपाट उघडे राहते, आणि न चकाकणारा, किंचित पिवळसर कागद डोळ्यांना सुखावतो.

या चित्रांचे मोल त्यांच्या घडणीत आहे. बॉक्सवूड या कठीण लाकडाच्या ठोकळ्याच्या आडव्या छेदावर कारागीर बारीक कोरणीने काम करत असे. कोरून काढलेला भाग कागदावर पांढरा राही आणि उरलेल्या उंचवट्याला शाई लागे. राखाडी छटा छापण्याची सोयच नसल्याने, लोखंडी रंध्याची चमक आणि लाकडी मुठीची गोलाई ही दोन्ही केवळ रेषांची जाडी आणि त्यांमधले अंतर बदलून दाखवावी लागत. ठोकळा छपाईच्या खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, उंचीचा असल्याने चित्र आणि मजकूर एकत्रच छापता येई. मूळ ठोकळा झिजू नये म्हणून मेणात त्याचा ठसा घेत, त्यावर ग्रॅफाइटची पूड चोळत, मोरचुदाच्या द्रावणात विजेच्या साहाय्याने त्यावर तांब्याचा पातळ थर चढवत आणि तो थर सुटा करून त्याच्या पाठीशी शिशाचा मिश्रधातू ओतून छपाईसाठी धातूचा ठसा बनवत. ही विद्युत्-ठशांची पद्धत १८३८ च्या सुमारास मोरिट्झ याकोबी या शास्त्रज्ञांनी रशियात विकसित केली होती. असे ठसे कारखानदार व्यापाऱ्यांनाही पुरवत. त्यामुळे एकच चित्र अनेक दुकानांच्या कॅटलॉगांत आढळते, आणि हत्यारात बदल झाल्यावरही जुना ठसा वापरात राहू शकतो. चित्रावरून हत्याराचे साल ठरवणाऱ्या संग्राहकांसाठी ही सूचना प्रस्तावनेत असायला हवी होती.

खरी खंत छपाईची आहे. प्रकाशकाने ही पाने छायाचित्रांसारखी स्कॅन करून ठिपक्यांच्या जाळीतून छापली आहेत. ती जाळी हाफटोनची, म्हणजे छायाचित्रांसाठी रूढ झालेल्या निराळ्या पद्धतीची, आणि तिला गुळगुळीत कागद लागतो. येथे खरखरीत कागदावर ठिपके पसरले आहेत, आणि भिंगातून पाहिले तर रंध्याच्या तळाजवळच्या समांतर रेषांच्या जागी नुसता करडा डाग दिसतो. हीच पाने शुद्ध काळ्या-पांढऱ्या रेषाचित्रांप्रमाणे, इंचाला १२०० ठिपक्यांच्या सूक्ष्मतेने स्कॅन केली असती, तर याच कागदावर त्या रेषा स्पष्ट उमटल्या असत्या. हत्यारांचे क्रमांक, मापे आणि किमती पाहण्यासाठी हे पुस्तक अवश्य घ्यावे. कोरीवकामाचा अभ्यास करायचा असेल, तर मूळ प्रतच शोधावी.