माहीमची बुधवारची नोव्हेना : आजाऱ्याला घेऊन जाताय तर

बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चबाहेर रांग दिसली की बसमधला कंडक्टरही समजतो, आज नोव्हेना, म्हणजे मरियामातेकडे नऊ वेळा करायची प्रार्थना. 8 सप्टेंबर 1948 रोजी, मरियामातेच्या जन्माच्या सणाला, बुधवारीच ही भक्ती इथे सुरू झाली. रांगेत हिंदू, मुसलमान, पारशी सगळेच असतात आणि दारात कुणी धर्म विचारत नाही.

सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक प्रार्थना होतात. बऱ्याचशा इंग्रजीत, काही मराठी, कोंकणी आणि हिंदीत. वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी चर्चमध्ये विचारून घ्या. आजाऱ्यासाठी त्याच्या भाषेतलीच वेळ निवडावी. शब्द कळले नाहीत तर तो नुसता गर्दीत बसून परत येतो.

प्रार्थनेत गीत, मातेला विनवणी, लोकांनी लिहिलेल्या मागण्या आणि आभारपत्रं असतात, पण आजाऱ्याच्या दृष्टीने गाभा आहे तो आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेचा. शरीराच्या दुबळेपणात असलेल्यांकडे प्रभूने पाहावं, त्यांना बळ द्यावं, एवढंच तिथे मागितलं जातं आणि मग फादर आशीर्वाद देतात. आरडाओरडा नाही, कुणाला व्हीलचेअरवरून उठून चालायला लावणं नाही. हा संयम आम्हाला फार मोलाचा वाटतो. बरं झालं नाही तर तुझाच विश्वास कमी पडला, असं इथे आजाऱ्याला ऐकवलं जात नाही.

वेदीजवळचं मातेचं चित्र नीट पाहा. मूळ चित्र रोममध्ये आहे. 1866 साली पोप नववे पायस यांनी ते रिडेम्प्टरिस्ट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाकडे सोपवलं. दोन्ही बाजूंना देवदूत आहेत, एकाच्या हाती भाला आणि स्पंज, दुसऱ्याकडे क्रूस आणि खिळे. पुढे आपल्याला क्रूसावर देताना वापरली जाणारी ही साधनं पाहून बाळ येशू दचकून आईकडे धावलाय, दोन्ही हातांनी तिचा हात घट्ट धरलाय, आणि पायातली एक चप्पल सुटून नुसत्या पट्ट्यावर लोंबकळतेय. दुखण्याने घाबरलेल्या माणसाला त्या चपलेत आपलं काहीतरी दिसतं.

बाहेरच्या ठेल्यांवर मेणाचे हात, पाय, डोकं, बाळ, घर असं सगळं मिळतं. गुडघा दुखतो तर पाय, मूल हवं तर बाळ. ही लोकांची जुनी रीत आहे, तिच्यात प्रेम आहे, पण नोव्हेनासाठी ती सक्तीची नाही. विकणारा काहीही सांगो, साधी मेणबत्ती किंवा रिकामे हातही चालतात. घ्यायचंच असेल तर भाव आधी विचारा आणि वस्तू कागदात गुंडाळून सरळ धरा. उन्हात पिशवीत कोंबलेल्या मेणाच्या पायाची बोटं वाकतात.

सगळ्यात जास्त गैरसमज नऊ या आकड्याचा. येशूच्या स्वर्गारोहणानंतर प्रेषित, म्हणजे त्याचे निवडक शिष्य, आणि मरिया पवित्र आत्म्याची वाट पाहत प्रार्थनेत राहिले, ते नऊ दिवस हे या आकड्याचं मूळ मानतात. म्हणून लोक सलग नऊ बुधवार धरतात. मधला एक बुधवार तापामुळे चुकला की सगळं फुकट गेलं, असा धसका अनेक जण घेतात. चर्च असं शिकवत नाही. पुढच्या बुधवारी जा. प्रार्थनेच्या नऊ प्रती काढून वाटल्या नाहीत तर संकट येईल, असे कागद कुणी हातात दिले तर ते खुशाल फाडून टाका.

गोळ्या, डायलिसिस, केमो यांतलं काहीही या नऊ बुधवारांसाठी थांबवायचं नाही. दुखणं गंभीर असेल तर नोव्हेनावर न थांबता कॅथलिक कुटुंबाने फादरना आजाऱ्यांच्या अभ्यंगासाठी बोलवावं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या 5व्या अध्यायात या संस्काराचा आधार आहे. कपाळाला आणि हातांना पवित्र तेल लावतात. तो फक्त मरणाच्या दारात असलेल्यांसाठी आहे असं समजून घरचे उशीर करतात आणि तोवर आजारी माणूस शुद्धीत नसतो. मोठ्या ऑपरेशनच्या आधीही तो घेता येतो.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सुरू असेल तर तिच्यात दिली जाणारी पवित्र भाकर, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, फक्त कॅथलिकांनी घ्यायचा असतो. इतरांनी जागेवर बसून राहिलं तरी कुणाला वावगं वाटत नाही.

अडचण आहे ती गर्दीची. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर आत उभं राहायलाही जागा मिळत नाही आणि बाहेर माहीम कॉजवेची वाहतूक तुंबलेली असते. व्हीलचेअर किंवा ऑक्सिजनवरचा रुग्ण असेल तर दुपारची वेळ धरा, अर्धा तास आधी पोहोचा, आणि पाणी व दुपारच्या गोळ्या सोबत ठेवा.