मैत्री क्लिनिक, सरकारी दवाखाना: नववीतल्या मुलाला घेऊन गेले होते

आमच्या भागातल्या आशाताईंनी (आरोग्य खात्याच्या आशा स्वयंसेविका) सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर सरकारी दवाखान्यात वयात येणाऱ्या मुलांसाठी वेगळं 'मैत्री' क्लिनिक असतं हे मला माहीतच नव्हतं. केंद्राचा किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ला सुरू झाला त्यातलंच हे, १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी, आणि आम्हाला एक रुपयाही लागला नाही.

झालं असं की मुलगा दोन महिने नीट जेवत नव्हता, आवाज फुटलेला, कशावरूनही चिडायचा, आणि गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर क्लासमधल्या एका मुलीचं नाव पन्नासदा लिहिलेलं मला सापडलं. मी ते त्याच्या बाबांना दाखवलं, बाबा म्हणाले क्लास बंद, मग तर त्याने बोलणंच टाकलं. तेव्हा गेलो आम्ही.

समुपदेशक मॅडमनी मला बाहेर बसवलं. राग आला होता, खरं सांगते. त्याला मॅडमनी आधीच सांगितलं की तुझं बोलणं आईला सांगणार नाही, फक्त तुझ्या जिवाला धोका वाटला तरच सांगेन. पाऊण तास!! घरी हो-नाहीच्या पुढे न बोलणारं पोरगं पाऊण तास बोललं. वजन-उंची, हिमोग्लोबिन तेही बघितलं. मग त्याला विचारून मला आत घेतलं आणि म्हणाल्या की कुणीतरी आवडणं हा आजार नाही, या वयात भावना आधी जोर धरतात आणि त्यांना आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो, म्हणून एवढं टोकाचं वाटतं. स्वप्नदोषाचंही त्याच्यासमोर सरळ बोलल्या, यात दोष कसलाच नाही, शब्दच चुकीचा पडलाय. त्या एका शब्दाने माझा मुलगा किती दिवस मनात घाबरून होता ते मला तिथे कळलं, अजून आठवलं की पोटात तुटतं.

मला म्हणाल्या, वही वाचली त्याबद्दल त्याला सॉरी म्हणा. म्हटलं. रिक्षात त्याने विचारलं, आई तुला कधी असं झालेलं का? दहावीतलं सगळं सांगितलं मी त्याला, यांनाही माहीत नाही ते.

उणं म्हणाल तर बोर्ड दातांच्या ओपीडीच्या मागे, कुणाला दिसत नाही, दार नीट लागत नाही आणि बाहेर रांगेत ओळखीचं कुणी निघालं तर मुलं लाजून परत जातील, हे दवाखान्याने खरंच सुधारायला हवं. आधी एकदा गेलो तेव्हा मॅडम शाळांच्या कॅम्पला गेलेल्या, हेलपाटा झाला, त्यामुळे वार आणि वेळ आशाताईंना विचारूनच जा.

मुलगी असो मुलगा असो, घेऊन जा, पण बळजबरीने नको, त्याला विचारून. आमचा पुढच्या मंगळवारी परत जाणार आहे, म्हणतोय तू येऊ नकोस, मी सायकलने जातो.