बाथचे रोमन बाथ्स: दुसऱ्या खेपेला खरं पाहणं झालं

रोमन बाथ्स म्हणजे इंग्लंडमधल्या बाथ शहरातलं, गरम झऱ्यावर रोमन लोकांनी उभारलेलं स्नानगृह आणि देऊळ. पहिल्यांदा गेले ती लंडनहून निघणाऱ्या एका बससहलीतून. स्टोनहेंजही त्याच दिवसात उरकायचं होतं, त्यामुळे बाथला जेमतेम सव्वा तास मिळाला. हिरव्या पाण्याच्या मोठ्या तलावाचे फोटो काढले आणि बसकडे पळाले. ज्या झऱ्यामुळे हे सगळं उभं राहिलं, तो पाहायचा राहूनच गेला. फार चुटपुट लागली होती. या वेळी पॅडिंग्टनहून ट्रेनने एकटीच गेले आणि चार तास आत रमले. पाचपैकी पाच तारे.

मोठा तलाव सुंदर आहेच. तळाला 45 शिशाचे पत्रे आहेत, तेही रोमन काळातले. वरचा सज्जा आणि पुतळे मात्र एकोणिसाव्या शतकातले. तिथे थोडं थांबून सरळ झऱ्याकडे जा.

46 अंश तापमानाचं पाणी, रोज अकरा लाख लिटरहून जास्त, अजून उसळतंय. इथली मूळ देवी सुलिस, रोमनांच्या आधीपासून इथे राहणाऱ्या केल्टिक लोकांची. रोमन आले आणि त्यांनी तिला आपल्या मिनर्व्हाशी जोडलं, पण जोडनावात पहिला मान सुलिसचाच राहिला. मला हे फार मोलाचं वाटतं.

ही देवी आज आपल्याला इतकी जवळून भेटते, त्यामागे पुरातत्त्वज्ञ बॅरी कनलिफ यांचं आयुष्यभराचं काम आहे. 1963 पासून ते बाथमध्ये खणत होते. विशी सरायच्या आत, 1966 मध्ये, साउथॅम्प्टनला प्राध्यापक झाले, 1972 मध्ये ऑक्सफर्डला गेले. 1969 ते 1988 अशी वीस वर्षं हॅम्पशरमधल्या डेनबरी या डोंगरी किल्ल्यावर उत्खनन केलं. तिथे धान्याच्या रिकाम्या पेवांमध्ये माणसांचे आणि जनावरांचे सांगाडे मिळाले. बियाणं जमिनीने सांभाळलं म्हणून पाताळातल्या देवांना केलेलं हे अर्पण, असा अर्थ त्यांनी लावला. केल्ट लोकांनी स्वतः लिहून ठेवलेलं जवळजवळ काहीच नाही. त्यांचा देवधर्म असा मातीतूनच वाचावा लागतो.

झऱ्याची पाळी मात्र 1979 मध्ये आली. आदल्या वर्षी इथल्या पाण्यातल्या अमीबाच्या संसर्गाने एका मुलीचा जीव गेला होता आणि स्नान बंद झालं होतं. मग पाणी उपसून कनलिफ यांच्या चमूने झऱ्याचा तळ खणला. या झऱ्यातून बारा हजारांहून जास्त नाणी मिळाली आहेत, त्यांत केल्टिक नाणीही आहेत. आणि मिळाले शापांचे पत्रे. शिसं आणि कथलाचे, तळहातावर मावतील एवढे, गुंडाळी करून देवीच्या पाण्यात सोडलेले. सुमारे 130 आहेत, त्यातले बहुतेक चोरीबद्दलचे. कपडे चोरीला गेलेल्या माणसाने घातलेलं गाऱ्हाणं! डोसिमेडिस नावाच्या एकाचे दोन हातमोजे गेले, तर चोराची बुद्धी आणि डोळे देवीच्या देवळातच जावेत, असं त्याने मागितलंय. चोर कोण ते ठाऊक नसलं की 'पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा स्वतंत्र' असं लिहीत, म्हणजे कोणी सुटायला नको. हे वेडेवाकडे अक्षर प्राचीन लेखांचे अभ्यासक रॉजर टॉमलिन यांनी चिकाटीने वाचून काढलं. त्या काचेसमोर मी अर्धा तास होते. वाकून, तिरप्या उजेडात पाहिलं की ओरखडे दिसू लागतात.

देवळाच्या दर्शनी त्रिकोणावरचा चेहराही चुकवू नका. म्हणायला गॉर्गॉन, म्हणजे ग्रीक कथांमधली सापांच्या केसांची राक्षसीण, पण त्या चेहऱ्याला चांगल्या भरघोस मिशा आहेत! हात कारागिराचा इथलाच असणार, असं माझं ठाम मत झालं.

ऑडिओ गाइड तिकिटातच येतं, घ्याच. तिकीट आधी काढा आणि सकाळी दार उघडताच पोचा. तलावाच्या पाण्यात हात घालायचा नाही, ते शुद्ध केलेलं नसतं. शेवटी पिण्यासाठी वेगळं झऱ्याचं पाणी ठेवलेलं असतं, कोमट, खनिजांची दाट चव. मी पूर्ण पेला प्यायले. निघण्याआधी जिथून झऱ्याचं जादा पाणी वाहतं तिथे पुन्हा गेले. दगड लालकेशरी झालेत, वाफ येत असते, आणि ते पाणी अजून रोमन लोकांनीच बांधलेल्या गटारातून एव्हन नदीकडे जातं.