गिंप ३.०: रंग फोडायला छान, पण त्या तीन चौकटी हव्याच होत्या

एकांकिकेच्या पोस्टरांसाठी लाल-निळ्या कडा फुटलेला इफेक्ट, म्हणजे आरजीबी स्प्लिट, गेले काही महिने मी फक्त गिंप या फोटो-संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरवर करतोय. वर्षाकाठी मोजकी पोस्टरं करायची आणि सॉफ्टवेअरचं भाडं मात्र दरमहा भरायचं, हे मला पटत नाही.

आधी तक्रार. फोटोशॉपमध्ये लेयरच्या (चित्राच्या एका थराच्या) ब्लेंडिंग ऑप्शन्समध्ये आर, जी, बी (लाल, हिरवा, निळा) अशा तीन चौकटी असतात. लेयरची प्रत करून तिच्या दोन चौकटींची खूण काढा, ती सरकवा, झालं. गिंपमध्ये त्या नाहीत. चॅनल्समध्ये, म्हणजे रंगांच्या यादीत, लाल सोडून बाकीचे बंद केले तरी मूव्ह टूल अख्खा लेयरच हलवतं. २०२५ च्या एवढ्या मोठ्या आवृत्तीतही ही साधी सोय नाही, याचा अजून राग येतो.

उपाय आहे, फक्त लांबचा. फोटोच्या तीन प्रती करा, त्यांवर शुद्ध लाल, हिरवा आणि निळा रंग मल्टिप्लाय मोडने (यात बाकीचे रंग काळे होतात) चढवून मर्ज करा आणि वरच्या दोन लेयरना स्क्रीन मोड (यात थरांचे रंग एकत्र येतात) द्या. प्रत्येक थरात एकच रंग उरलेला असतो, त्यामुळे काही न हलवता मूळ फोटोच दिसतो. आता लाल थर उजवीकडे ढकला. पांढऱ्या भिंतीसमोरच्या काळ्या केसांच्या डाव्या कडेला लाल येतो आणि उजव्या कडेला आपोआप सायन, म्हणजे हिरवट निळा. हे दर वेळी बघायला आवडतं! डावीकडे उरलेली पट्टी क्रॉप करा.

फोटोचे रंग वेगळे करून पुन्हा जोडणारी गिंपमधली डीकम्पोज-कम्पोज ही सोय मला निरुपयोगी वाटत होती. मग लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातली विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा छायाचित्रकार प्रोकुदिन-गोर्स्की याची रशियातली छायाचित्रं हाती लागली: एकाच काचेवर निळ्या, हिरव्या, लाल फिल्टरमधून लागोपाठ टिपलेल्या तीन निगेटिव्ह. त्या पॉझिटिव्ह करून कम्पोजने जोडल्या, तर जमीन जुळली आणि वाहतं पाणी रंगीत फुटलं. तेव्हापासून कम्पोजबद्दल तक्रार नाही.

छपाईचं मात्र सांभाळा. आमच्या प्रेसवाल्याने ‘रजिस्ट्रेशन हललंय’, म्हणजे रंग एकमेकांवर नीट बसलेले नाहीत, असं म्हणत काम थांबवलं होतं, म्हणून आता फाइलसोबत तशी सूचना लिहून देतो. शिवाय स्क्रीनवरचा झगझगीत सायन शाईत उतरत नाही. सॉफ्ट-प्रूफ (छापल्यावर रंग कसे दिसतील याची स्क्रीनवरची झलक) लावलं की तो किती मंदावतो ते आधीच दिसतं, आणि मग छपाईच्या प्रतीत लाल थर थोडा जास्त सरकवतो.