मुखपृष्ठावर ‘मधुमेहमुक्ती’, आत भलतंच

आमच्या काकांना गेल्या पावसाळ्यात एका आरोग्य मासिकाच्या मुखपृष्ठाने थेट दवाखान्यात पोचवलं. ज्यांच्या घरात मधुमेही माणूस आहे, त्यांनी हे वाचाच.

अंक त्यांनी सांगलीच्या एसटी स्टँडवर घेतला. प्लास्टिकच्या पिशवीत बंद, त्यामुळे पैसे मोजण्याआधी आत डोकावायची सोयच नाही. वर मोठ्या लाल अक्षरांत ‘मधुमेहापासून कायमची मुक्ती’ आणि खाली ‘इन्सुलिनही सुटले! परदेशी संशोधनाचे शिक्कामोर्तब’. ‘मुक्ती’च्या शेवटी एक बारीकशी चांदणी होती. तिचा खुलासा मुखपृष्ठावर कुठेही नव्हता. तो मला सापडला लेखाच्या शेवटच्या पानावर, पिना मारलेल्या कडेला, फिकट करड्या अक्षरांत: ‘परिणाम व्यक्तिपरत्वे वेगळे असू शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय औषधे बंद करू नयेत.’ बाहेर ठणकावून सांगितलेलं आत गुपचूप मागे घेतलं होतं.

काका भोळसट नाहीत. बँकेत उभी हयात लोकांच्या सह्या तपासण्यात गेली. पण रोज पोटाला सुई टोचून घेणाऱ्या माणसाला ‘इन्सुलिन सुटले’ हे शब्द काय वाटत असतील, ते मासिकवाल्यांना चांगलं ठाऊक असतं. लेखाखाली एका केंद्राचा फोन नंबर होता. तिथून काढ्याच्या बाटल्या, चूर्णाचे डबे आणि आहाराचा तक्ता असं ‘किट’ घरी आलं. हजारो रुपयांची पावती होती ‘आहार सल्ला शुल्क’ या नावाने, औषधाचा त्यात उल्लेखही नाही. काकांनी इन्सुलिन थांबवलं. काकूंनी विरोध केला तर म्हणाले, “अगं, मासिकात छापून आलंय, खोटं कसं असेल?” मग चप्पल चावून पायाला झालेली जखम चिघळली. दाखल केलं तेव्हा साखर चारशेच्या वर होती. पाय वाचला, तो डॉक्टरांमुळे.

ज्या संशोधनाचा शिक्का मारला होता ते खोटं नाही, म्हणून तर फसवणूक जास्त घातक. ब्रिटनमधला ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास, २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला. त्यात सुरुवातीला तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींचा आहार होता. वर्षअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली राहिली. पण त्यात घेतलेल्यांचा टाइप २ मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, वजन जास्त होतं आणि इन्सुलिनवरच्या माणसांना त्यात घेतलंच नव्हतं! सगळं डॉक्टर-नर्सच्या देखरेखीखाली चाललं होतं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ४६ टक्क्यांचे ३६ झाले. मग ‘कायमची’ कुठून आलं? चूर्णाचा तर त्या अभ्यासाशी काडीचाही संबंध नाही. वीस वर्षांचा जुना आजार आणि दोन वेळचं इन्सुलिन असलेल्या काकांना त्यातलं काहीच लागू नव्हतं.

मुखपृष्ठ एक आणि मजकूर दुसरा, हे नामवंतांकडूनही होतं. ब्रिटनच्या ‘न्यू सायंटिस्ट’ या विज्ञान साप्ताहिकाने जानेवारी २००९ मध्ये, डार्विनच्या जन्माला दोनशे वर्षं होत असताना, ‘डार्विन चुकला होता’ असं मुखपृष्ठावर छापलं. आतला लेख होता जीवसृष्टीच्या वंशवृक्षाच्या कल्पनेत कराव्या लागणाऱ्या दुरुस्तीबद्दल. शास्त्रज्ञांनी जाहीर निषेध केला, कारण स्टॉलवरून नुसती नजर टाकून जाणाऱ्याच्या डोक्यात तेवढे तीन शब्दच राहतात. काकांच्या बाबतीत मात्र त्या शब्दांच्या मागे विक्रीही होती. लेखाच्या कोपऱ्यात ‘प्रायोजित’ असं बारीक छापलेलं होतं. म्हणजे ती जाहिरात होती, आणि मुखपृष्ठावर तिला बातमीचा मान दिला होता.

आपल्याकडे १९५४ पासून औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात मधुमेहाचं नाव आहे. औषधाने मधुमेह बरा होतो, अशी जाहिरात करणं गुन्हा आहे. त्याची तक्रार महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. मथळा मजकुराशी जुळत नसेल तर भारतीय प्रेस कौन्सिलकडे जाता येतं, पण आधी संपादकाला लेखी कळवावं लागतं. दैनिक-साप्ताहिकासाठी मुदत दोन महिने, इतर नियतकालिकांसाठी चार. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताशेरे ओढते. मला हे फार तोकडं वाटतं. तरी कागदावर नोंद होते, ती व्हायला हवी.

अंक रद्दीत देऊ नका. मुखपृष्ठ, ‘प्रायोजित’ लिहिलेला कोपरा, संपादक-प्रकाशकाची नावं असलेली ओळ, पावती आणि बाटलीवरचं लेबल यांचे फोटो आजच काढून ठेवा. काकूंनी सुरुवातीलाच लेबल भिजवून बाटल्या धुऊन टाकल्या, तेवढा पुरावा आमच्या हातून गेला. किटमधलं काही उरलं असेल तर तुमच्या डॉक्टरांना दाखवा, कारण अशा चूर्णांत नेमकं काय मिसळलंय ते पाकिटावरून कळत नाही.

संपादकांचं उत्तर आलं. ‘मथळा वाचकाचे लक्ष वेधण्यासाठी असतो, सविस्तर माहिती आत दिलेली आहे,’ एवढंच. ते उत्तर जोडून तक्रार आम्ही चार महिन्यांच्या आत प्रेस कौन्सिलला पाठवली आहे, आणि पावतीची प्रत अन्न व औषध प्रशासनाला.